लाल टाकीपासून डावीकडे

माझ्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, मग मानते तुला. नाही ठेवणार. अख्खं आयुष्य थापाड्यांच्या संगतीत गेलं माझं. आता तोंडातनं खरं निघालं तरी त्याला वास थापेचाच येतो.

ए दाढीवाल्या, इकडंतिकडं काय बघतोस? मी बोलतेय. ही तुझ्यासमोर चार पायांवर उभी आहे ना, दार एका बिजागरीवर लोंबतंय, खिडकीला पुठ्ठा लावलाय, ती. मी एक कॅम्पर. ट्रकच्या पाठीवर बसणारी खोली. गोगलगाईचं घर तिच्या पाठीला चिकटलेलं असतं, माझं तसं नाही. मला उतरता येतं. चार कोपऱ्यांना चार पाय आहेत. हँडल फिरवलं की ते लांब होतात, खालनं ट्रक निघून जातो आणि मी उभी राहते, घोडा पळून गेल्यावर राहिलेल्या खोगिरासारखी. सगळा घोळ या पायांनी केला बघ. खोटं. घोळ माणसांनी केला, पण पाय काही उलटून बोलत नाहीत, म्हणून त्यांच्यावर ढकललं.

बस जरा. नाही, त्या खुर्चीवर नाही! दगडावर बस. खुर्चीचं नंतर सांगते.

माझा जन्म तिकडं वर ओरेगॉनात झाला, एका पत्र्याच्या शेडमध्ये. लाकडी सांगाडा, वरनं ॲल्युमिनियमचं कातडं, आत दोन शेगड्या, एक मोरी, एक टेबल आणि पुढं ट्रकच्या टपावर आलेला बिछाना. माझी कपाटं बसवणारी बाई दिवसभर च्युइंगगम चघळायची. सुपरवायझर आला की गम काढून टेबलाखाली चिकटवायची. अजून आहे तिथंच, दगड झालाय. माणसांच्या अंगावर तीळ असतो जन्मखुणेला, माझ्या अंगावर तिचे दात आहेत.

पहिला मालक बर्डेट. दर हिवाळ्याआधी मला ट्रकवर चढवून डोंगरात शिकारीला जायचा. आता ऐक गंमत. त्यानं कधी बंदूक उचललीच नाही. जंगलात गाडी लावायचा आणि माझ्यात झोपायचा. खायचा, झोपायचा, पुन्हा खायचा. परत जाताना वाटेत एका खाटकाकडनं हरणाचं मटण घ्यायचा आणि बायकोपुढं नेऊन आपटायचा. बायको म्हणायची, "यंदा फारच व्यवस्थित कापलंयस रे!" तिला सगळं कळत होतं. तिलाही तेवढे दिवस घरात शांतता हवी होती. असला सुखाचा संसार मी पुन्हा बघितला नाही.

बर्डेटचे गुडघे गेले. त्यानं मला गोठ्यामागं उभी केली आणि विसरला. मग कोंबड्या आल्या राहायला. माझ्या बिछान्यात त्यांनी अंडी घातली, टेबलावर शिटल्या. पिल्लं झाली तेव्हा मला इतका अभिमान वाटला, विचारू नकोस. जसं काही मीच बसले होते अंड्यांवर.

आणि मग हॉलिस आणि व्हर्लीन आले.

हॉलिस शाळेची बस चालवायचा, व्हर्लीन त्याच शाळेत स्वयंपाक करायची. दोघं म्हातारपणाला टेकलेली, मूलबाळ नाही. भाड्यानं राहात होते ते घर मालकानं विकलं. दुसरं शोधायच्याऐवजी हॉलिसला मी सापडले. व्हर्लीननं आत डोकं घातलं, नाक दाबलं आणि म्हणाली, "हॉलिस, हे खुराडं आहे."

"होतं. आता आपण राहणार."

"म्हणजे अजून खुराडंच की."

पण बाई पदर खोचल्यासारखी बाह्या वर करून आत शिरली ती माझी लादी दिसेपर्यंत बाहेर आली नाही. खिडकीला पिवळा पडदा शिवला. टेबलाखाली हात घातला, तिला तो गम लागला. काढील असं वाटलं मला. तिनं नुसतं बोट फिरवलं आणि हसली. त्या दिवसापासून मी तिची झाले.

आता तुला आमच्या धंद्याचं सांगते. धंदा कसला, फुकटात राहायची कला! इकडं सरकारी जमीन अफाट आहे, नकाशात ती पिवळ्या रंगात दाखवतात. त्या पिवळ्यात कुणीही उतरावं, चौदा दिवस राहावं, मग बूड उचलावं. भाडं नाही, नळ नाही, वीज नाही, शेजारी नाही. पण चांगली जागा काही पाटी लावून बसलेली नसते. हॉलिस डांबरी रस्ता सोडून हळू चालवायचा, मान बाहेर काढून. कुठं झुडपामागं चाकोरी वळलीय का, कुठं जुन्या शेकोटीच्या दगडांचं काळं पडलेलं कोंडाळं दिसतंय का. दिसलं की ट्रक थांबवून पुढं पायी जाऊन यायचा, काठीनं जमीन टोचत. आणि सूर्य कलायच्या आत टेकायचं, हा नियम.

टेकलं की व्हर्लीन एक अंडं टेबलावर ठेवायची. घरंगळलं तर मी तिरकी. मग हॉलिस खाली चाकाला फळी लावणार, ती खिडकीतनं ओरडणार, "अजून! अजून! अरे, जास्त झालं!" मी काय करायची, तो फळी लावून वर आला की हळूच एक कोपरा दाबायची. अंडं निघालं तुरुतुरु. हॉलिसच्या तोंडची भाषा तुझ्यासमोर बोलण्यासारखी नाही. व्हर्लीन पोट धरून हसायची. तिला माहीत होतं मी करते ते. माझ्या भिंतीवर चापटी मारायची, "द्वाड मेली."

आणखी एक नियम होता, न बोललेला. आपली जागा कुणाला सांगायची नाही. सांगितली की पुढल्या खेपेला तिथं गर्दी. हिवाळ्यात सगळी मंडळी सॉल्ट वेल गावात पाण्याच्या नळावर भेटायची. कॅन भरता भरता जो तो विचारायचा, "कुठं उतरलात?" आणि जो तो बिनदिक्कत खोटं सांगायचा. ऐकणाऱ्यालाही माहीत असायचं. तरी विचारायचं, तरी सांगायचं. हॉलिसनं तर कधी नकाशावर टिंबसुद्धा काढलं नाही. मुख्य रस्ता सोडला की झाडाची फांदी मागं बांधून फरपटत न्यायचा, चाकांच्या खुणा पुसाव्यात म्हणून. व्हर्लीन म्हणायची, "आपण काय बँक लुटून आलोय?"

नळावर एकदा रॉइस आला. नवीन होता तेव्हा, लांबलचक ट्रेलर, सोबत बायको आर्डिथ. भोळा माणूस, विचारलं आणि खरंच उत्तराची वाट बघत बसला.

हॉलिस म्हणाला, "मोठ्या रस्त्यानं ये. गुरांना पाणी पाजायची जुनी लाल टाकी दिसेल. तिथनं डावीकडं. स्वर्ग आहे, स्वर्ग! सावली आहे, वारा नाही, माणूस नाही."

तिथं कोरडा ओढा होता, नुसती मऊ वाळू. रॉइसची गाडी पोटापर्यंत गेली. नवराबायकोनं तव्यानं वाळू उपसली. परत नळावर आला तेव्हा माणूस उकडलेल्या बिटासारखा दिसत होता.

"हॉलिस! तुझ्या स्वर्गात माझं इंजिन पुरून आलो मी!"

"अरे, मग टाकीपासून उजवीकडं वळला असशील."

"डावीकडंच वळलो, बदमाशा!"

आधी सगळा नळ हसला, मग आर्डिथ हसली, शेवटी रॉइसपण हसला. तिथनं जी दोस्ती झाली ती झाली. दर हिवाळ्यात कुणी नवखा आला की हॉलिस त्याला लाल टाकीच्या डावीकडं पाठवायचा आणि रॉइस शपथेवर साक्ष द्यायचा, "मी स्वतः राहून आलोय तिथं." अख्ख्या सॉल्ट वेलला ठाऊक झालं, लाल टाकीपासून डावीकडं काही म्हणजे काही नाही.

मीही हसले, खोटं कशाला बोलू. फार हसले.

पुढं जागा मिटत गेल्या. दर हिवाळ्यात एक कमी. माणसं फोनवर बघून यायला लागली, तुझ्यासारखी. येताना यायची ठीक, जाताना सोफे टाकून जायची, बाटल्या, घाणीचे कागद. कुणी टीव्ही आणून त्याच्यावर गोळ्या झाडायचं आणि काचा तशाच सोडायचं. मग सरकारनं वाटेवर मोठमोठे दगड ठेवले. कुठं फाटक, कुठं पाटी, "मुक्काम करू नये." हॉलिस आपल्या लाडक्या जागेपाशी यायचा, दगड बघायचा, इंजिन बंद करून स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचा. व्हर्लीन म्हणायची, "चल."

कुठं चल? दुकानांच्या मागं, पेट्रोल पंपाच्या कडेला. तिथं अंगावर टकटक व्हायची. "उठा. इथं झोपायचं नाही." माझ्या भिंतीला त्या टकटकीची इतकी धास्ती बसली होती की रात्री पत्रा गार पडून आकसला तरी ती वाजली असं वाटायचं.

व्हर्लीनचा खुबा गेला होता तोवर. माझ्या पायरीवरनं उतरताना डोळे मिटून घ्यायची. एकदा पंपाच्या मागनं उठवलं आम्हाला, तेव्हा ती म्हणाली, "हॉलिस, मला आता हलवू नकोस रे. एकच जागा बघ. जिथनं मला कुणी उठवणार नाही."

हॉलिस गाडी चालवत राहिला. बऱ्याच मैलांनंतर एकटाच हसायला लागला. "व्हर्लीन, एक जागा आहे. तिथं जगात कुणी येणार नाही. मीच बंदोबस्त केलाय."

लाल टाकीपासून डावीकडं वळला. ओढ्यापाशी थांबला, टायरमधली निम्मी हवा काढली, म्हणजे चाक पसरतं आणि वाळूत रुतत नाही. उजव्या कडेला थोडी घट्ट वाळू होती, काठीनं टोचून टोचून शोधली. मी वर बसले होते, मला वाटलं उलटते आता. पण निघालो पार. आणि पलीकडं ही जागा. हे कडक माळरान, ही झाडाची सावली, मागं हा खडक, वारा अडवणारा. त्यानं थापेत सांगितलं होतं ना, तस्सं. त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

व्हर्लीननं अंडं ठेवलं. हललं नाही. मीही कोपरा दाबला नाही.

"आपल्याच थापेत राहायला आलो की रे आपण!" असं म्हणून ती हसत सुटली, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर. खुर्ची मांडली, हीच, ओढ्याकडं तोंड करून. चौदा दिवस कधीच उलटून गेले, कुणी उठवायला आलं नाही. सकाळी कॉफी, दुपारी डब्यातला राजमा आणि मक्याची भाकर. तुरे हलवत लावे पक्षी यायचे, त्यांना ती दाणे टाकायची. माझ्या सगळ्या आयुष्यातला तेवढा काळ मला कुणी परत दिला तर हे चारी पाय देते.

मग पाणी सरलं.

मला पाठीवर घेऊन पुन्हा ओढा ओलांडायचा म्हणजे धोकाच. हॉलिस म्हणाला, तुला पायांवर उतरवतो, ट्रक रिकामा नेतो, पाणी भरून जेवणाच्या वेळेला परत. सगळे कॅन त्यानं गाडीत टाकले. व्हर्लीनच्या खुब्याला ते हादरे सोसणार नव्हते. ती म्हणाली, "मी इथंच थांबते. डब्यातले पीच आण येताना. आणि म्हाताऱ्या, फोन तुझ्याकडं, गाडी तुझ्याकडं. कुणाला तरी सांगून ठेव मी इथं आहे म्हणून."

"अगं, सगळ्यांना सांगितलंय. कित्येक वर्षं सांगतोय."

ती हसली. मीही हसले. तो खिडकीतनं हात हलवत गेला, मागं फांदी फरपटत. सवय.

जेवणाची वेळ टळली. व्हर्लीन म्हणाली, "भेटला असेल कुणी ऐकणारा." ऊन उतरलं. दुसऱ्या सकाळी तिनं केस विंचरले, ओठांना रंग लावला आणि खुर्चीत जाऊन बसली. "आला की बोलायचंच नाही, अबोला धरायचा," असं मला बजावलं. माझ्या टाकीत थोडं पाणी होतं, ते जपून वापरायला लागली. मग माझा नळ खोकला. पुन्हा खोकला. मग त्यातनं नुसती हवा आली. तिनं नळाला हात लावून ठेवला, आजाऱ्याच्या कपाळाला लावतात तसा.

राजम्याच्या डब्यातलं पाणी ती प्यायली. एकदा लांब रस्त्यावर धूळ दिसली, गाडी जात होती. तिनं तवा घेऊन माझ्या अंगावर बडवला, हा पोचा बघ, हाही. मी जितकी वाजू शकते तितकी वाजले. वारा उलटा होता. धूळ लाल टाकीपाशी आली, जरा थांबली, आणि सरळ पुढं निघून गेली.

काठी घेऊन ओढ्यापर्यंत गेली ती. वाळूत पाय रुतला आणि पडली. परत यायला तिला फार वेळ लागला. पायरी चढून आत आली, भिंतीला टेकून म्हणाली, "द्वाडे, मला सोडून तर नाही ना गं गेला तो?" मी काय सांगणार? जन्मभर अंडी घरंगळवली, कुणाचं काही अडलं नाही तेव्हा सगळं जमत होतं मला. तेव्हा एक दार करकरवता आलं नाही. मग तिचीच ती म्हणाली, "नाही. पीच मिळत नसतील."

शेवटचं अंडं तिनं फोडलं नाही. टेबलावर ठेवलं. ते स्थिर राहिलं ते बघून पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. पुन्हा उठली नाही.

रॉइस आणि आर्डिथ चालत आले, ओढ्यातनं; दुसरीकडं कुठंच सापडली नाही म्हणून आर्डिथनं हट्ट धरला होता. रॉइस पुढं होता. खुर्ची पाठमोरी दिसली तसा ओरडला, "व्हर्लीन! अगं, सापडलीस! आलो गं!" मग पुढनं बघितलं आणि मटकन खाली बसला.

आर्डिथनं गळ्यातला रुमाल काढून व्हर्लीनच्या तोंडावर टाकली.

मग आर्डिथ म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं तुला."

"त्याचं डोकं फिरलंय असं वाटलं मला. झटका आलेला माणूस, नळाखालीच पडला, अर्धं तोंड वाकडं. मी विचारलं, व्हर्लीन कुठाय? तर म्हणतो, लाल टाकीपासून डावीकडं. आर्डिथ, तू असतीस तर काय समजली असतीस?"

"पुन्हा पुन्हा सांगत होता ना?"

"पुन्हा पुन्हा! माझा हात धरून. मला वाटलं, बिचाऱ्याला जुनी थट्टा तेवढी आठवतेय. मी त्याला थोपटलं. म्हटलं, हो हो, स्वर्ग आहे तिथं, झोप तू."

"आणि पोलिसाला काय म्हणालास?"

रॉइसनं तोंड वाळूकडं केलं. "म्हटलं, साहेब, तिथं जाऊ नका, वेळ जाईल. तिथं काही नाही. मी स्वतः रुतलोय तिथं."

पोलीस टाकीपर्यंत आले होते रे. वाळूवर एकही खूण नव्हती. म्हणून पुढं गेले.

तिला नेलं. ट्रक तिकडंच कुठं तरी विकला गेला. हॉलिस गावातल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात असतो. रॉइस पुन्हा इकडं फिरकला नाही, आर्डिथ येते अधूनमधून, ती सांगते. हॉलिस आता दुसरं काही बोलत नाही. नर्स जेवण घेऊन आली तरी तिला तेच सांगतो, लाल टाकीपासून डावीकडं. आता सगळे त्याच्यावर विश्वास ठेवतात.

ही जागा फोनवर आर्डिथनंच टाकली. पुन्हा इथं कुणी हरवू नये म्हणून. झालं काय, आता सगळेच येतात. खुर्चीत बसून फोटो काढतात. माझ्या खिडकीची काच कुणीतरी दगडानं फोडली, बिछान्यात उंदरांनी निवडुंगाचे काटे आणून घर केलंय. व्हर्लीनचा पडदा एका बाईनं नेला, गाडी पुसायला. दारावर तो नारिंगी कागद बघितलास? बेवारस, हटवण्यात येईल. मशीन घेऊन येतील आणि चिरडतील मला, पायांसकट. इथंही वाटेवर दगड पडतील. पडू देत.

तो गम तेवढा अजून आहे. हात घालून बघ टेबलाखाली. नको घालूस, उंदीर चावेल.

तू उद्या जाशील सॉल्ट वेलला पाणी भरायला. कुणी तरी विचारेल, कुठं उतरलास? सगळ्यांना खोटं सांग, माझी ना नाही. पण एका माणसाला, एकाला तरी खरं सांगून ठेव तू कुठं असतोस ते. आणि तुम्ही दोघांनी त्या जागेची कधी थट्टा केलीय का ते आधी बघ. बघ, हसलास. हे म्हातारं खोकं काय बडबडतंय, असंच वाटलं ना? नाही सांगणार तू. मला माहीत आहे. कुणीच सांगत नाही.

बरं, ऊन कललं. गाडी पलीकडं ठेवून आलायस ना, तिच्या टायरमधली निम्मी हवा काढ आणि इकडं येताना ओढ्यात उजव्या कडेनं घाल, तिथं घट्ट आहे. डावीकडं घातलीस तर पोटापर्यंत जाशील. खरं सांगतेय. बघतोस काय असा माझ्याकडं? ऊठ. जा आता.